दोनदा म्हणायचा शब्द

१

दुकानात माझी एक पद्धत होती. दुरुस्त झालेला कॉम्प्युटर न्यायला गिऱ्हाईक आलं, की मशीन हवाली करण्याआधी मी त्याला खुर्चीवर बसवायची आणि म्हणायची, "आता एक गंमत बघा." मग मी वायफायच्या सेटिंगमध्ये जायची. त्या मशीनने आजवर जोडलेली सगळी नेटवर्कं तिथे साठवलेली असतात. घरचं, ऑफिसचं, मेव्हण्याच्या घरचं, दवाखान्यातलं, कधीतरी एक रात्र काढलेल्या लॉजचं. त्यातलं कुठलंही नाव घ्यायचं आणि सिक्युरिटीचा खण उघडायचा. पासवर्डाच्या जागी काळे ठिपके दिसतात, आणि त्यांच्या खाली एक बारीकसा चौकोन असतो, अक्षरं दाखवू का असं विचारणारा. त्यात टिचकी मारली की ठिपके जातात आणि पासवर्ड उघडा पडतो.

गिऱ्हाइकाचं तोंड तेव्हा बघण्यासारखं व्हायचं. एका मुख्याध्यापकांच्या पासवर्डात शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं नाव निघालं, आणि शेजारी त्यांची बायको उभी होती. तेव्हापासून गिऱ्हाईक एकटं आलंय ना, ते मी आधी बघून घ्यायला लागले.

"म्हणजे हे कुणालाही दिसतं?" असं सगळेच विचारायचे.

"कुणालाही नाही. तुमच्या मशीनसमोर दोन मिनिटं बसायला मिळेल त्या कुणालाही."

मग माझं कीर्तन सुरू व्हायचं. उठताना स्क्रीनला कुलूप लावा. नको असलेली नेटवर्कं पुसून टाका. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका. मशीन विकाल तर आधी धुऊनपुसून साफ करा. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन यातलं काहीही करायचे नाहीत. मीही करत नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

दुकानात आणि घरी मी वायफायचं नाव एकच ठेवलं होतं, पासवर्डही एकच. अर्धवट राहिलेलं मशीन मी घरी न्यायची, सकाळी परत दुकानात आणायची. नाव आणि पासवर्ड सारखा असला की ते दोन्हीकडे आपोआप जोडलं जातं, पुन्हा पुन्हा टाइप करावं लागत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की माझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक मशीनच्या खिशात माझ्या घराची किल्ली होती. हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण सोय समोर आली की अक्कल रजेवर जाते, आणि माझी तर बिनपगारी रजेवर होती.

२

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आईच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला आहे. तिला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. खुर्चीच्या पायाशी पडलेली सुई ती उचलून देईल, पण समोर उभ्या माणसाचं तोंड तिला दिसत नाही. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, त्यामुळे कानांवर कारभार चालवायची तिला सवय आहे. मला ती ठमी म्हणते. चाळिशी उलटली, केस अर्धे पांढरे झाले, तरी मी ठमीच.

मध्यंतरी आमच्या भागात मीटर बघायला आलोय असं सांगून दोघांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना लुबाडलं. तेव्हा मी आईला नियम घालून दिला. दिवसा ती घरात एकटी असते. तेव्हा आतून कडी लावायची, आणि बाहेरच्याने ठरलेला शब्द सांगितल्याशिवाय ती काढायची नाही. मग ती मी का असेना.

"शब्द कोण ठरवणार?" आईने विचारलं.

"मी."

"तू ठरवशील तो मला आठवायचा नाही. मी ठरवीन तो तुला आठवावाच लागेल. नाही आठवला तर बस बाहेर."

तिने ठरवलेला पहिला शब्द होता किसणी. तिच्या म्हणण्यानुसार तिच्या डोक्यात आता एकच खण रिकामा आहे, तेव्हा दाराला एक आणि वायफायला एक अशी चैन परवडणार नाही. वायफायच्या पासवर्डाला निदान आठ अक्षरं लागतात, म्हणून मी तो इंग्रजी अक्षरांत सलग दोनदा लिहिला. हे आईला कळल्यावर दारातही तो दोनदाच म्हणायचा, असं तिने फर्मान काढलं. रोज संध्याकाळी स्वतःच्या दारात उभी राहून मी "किसणी किसणी" म्हणायची. समोरच्या बिऱ्हाडातले दाढीवाले एकदा कुलूप काढता काढता म्हणाले, "झाली का किसून?"

बैठकीच्या खोलीतल्या फळीवर मी एक कॅमेरा ठेवला होता, मुठीएवढा. दुकानात बसून फोनवर आई दिसायची. त्यातून बोलायचीही सोय होती; इकडून बोललं की तिकडे ऐकू जायचं. मी ती सोय कधी वापरली नाही. दुपारी एकदा बघायची, आई खुर्चीत आहे, मान हलतेय, की फोन पुन्हा खिशात. बोलायला लागलं तर आई लवकर सोडत नाही, आणि माझ्यासमोर कुणाचं तरी मशीन पोट उघडून पडलेलं असायचं.

३

भंगारवाल्याने तो लॅपटॉप आणला तेव्हा मी जेवत होते. काळा, जाडजूड, जुन्या पद्धतीचा, मागून बॅटरी निघणारा.

"चालतो की नाही माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "पार्टला तरी होईल."

चालू केला तर लगेच चालू झाला, पासवर्ड न विचारता. आत काहीच नव्हतं. वापरलेल्या मशीनमध्ये काहीतरी उरतंच. अर्धवट भरलेला अर्ज, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, निदान पडद्यावर फुलाचं चित्र. याच्यात काही म्हणजे काही नव्हतं. इतका साफ हात मी फार कमी लोकांचा पाहिला होता, आणि मनातल्या मनात मी त्या अनोळखी माणसाला शाबासकीही दिली. मग सवयीने वायफायमध्ये गेले.

साठवलेलं नाव एकच होतं, आणि ते माझ्याच वायफायचं होतं. मी चौकोनात टिचकी मारली. ठिपके गेले आणि किसणी दोनदा उभी राहिली.

मला भीती वाटली नाही, लाज वाटली. हा लॅपटॉप कधीतरी माझ्याच दुकानातून गेलेला असणार. जे मी जगाला बजावत होते ते माझ्याच तोंडावर आलं होतं. मी दुकानाच्या वायफायला वेगळं नाव दिलं आणि संध्याकाळी घरचा पासवर्ड बदलायला बसले.

"नवा शब्द दे," मी आईला म्हटलं.

"का? किसणी बोथट झाली?"

"हो."

"मग उलथणं घे."

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप मी पुसून विकायला काढणार होते. त्याआधी पुन्हा एकदा वायफाय उघडून पाहिलं. टिचकी मारली. उलथणं, दोनदा.

मी खुर्ची मागे सरकवली आणि विचार केला. मशीनला पासवर्ड आपोआप कळत नाही, कुणीतरी तो टाइप करावा लागतो. हे मशीन रात्रभर दुकानात होतं, घरचं नेटवर्क तिथवर पोहोचत नाही. पण पोहोचत नसलं तरी नाव आणि पासवर्ड हाताने भरून ठेवता येतात. सकाळपासून मी चार मशीनं हाताळली होती. माझी बोटं झोपेतही पासवर्ड टाइप करतील अशी. मीच टाइप केला असणार आणि विसरले असणार. एकदा पटवून घ्यायचं ठरवलं की माणसाला फार वेळ लागत नाही. मी ते पुसायचं काम उद्यावर ढकललं आणि दुसरं मशीन पुढे ओढलं.

४

त्याच आठवड्यात जेवताना आई म्हणाली, "आज दुपारी लवकर गप्प झालीस. काम होतं वाटतं."

"गप्प म्हणजे?"

"त्या डबीतून बोलतेस ना रोज."

डबी म्हणजे फळीवरचा कॅमेरा. मी घास खाली ठेवला. "मी काय बोलते?"

"हे काय विचारणं झालं? जेवलीस का, गोळी घेतलीस का. मग तुझ्या लहानपणचं विचारतेस. शाळेत सोडायला कोण यायचं. तुला ताप आला की मी काय करायचे. कुठल्या आवाजाला भ्यायचीस." आईने बोटाने ताटाची कड चाचपली. "बरं वाटतं गं. आधी कधी विचारलं नाहीस."

"आई, मी नाही बोलत त्यातून. कधीच नाही बोलले."

"बरं," आई म्हणाली, लहान मुलाची समजूत घालतात त्या सुरात. "नाही तर नाही."

"दुसरं कुणीतरी असेल. हल्ली कुणाचाही आवाज काढता येतो."

"ठमे, माझा जन्म आवाज ओळखण्यात गेला. नुसतं हॅलो म्हटलं तरी मी सांगायची, कोण आहे आणि रडून बोलतंय की हसून. मला नको शिकवूस."

मला राग आला. वायफाय ज्याच्या हाती, त्याच्या हाती कॅमेराही जाऊ शकतो. मी स्वतःच हे गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं होतं. माझ्या निष्काळजीपणामुळे कुणीतरी परकं माणूस माझ्या म्हाताऱ्या आईशी रोज गप्पा मारत होतं, तिच्याकडून काय काय काढून घेत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला हेवाही वाटला. गेल्या कित्येक महिन्यांत आईच्या तोंडून "बरं वाटतं" हे शब्द मी ऐकले नव्हते.

आईच्या डोक्यात काही झालंय का, हेही बघून घेतलं. डॉक्टरांनी तिला शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. आईने खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवले आणि मग डॉक्टरांना म्हणाली, "आता तुम्ही तेरा तेरा करून दाखवा." डॉक्टर म्हणाले, बुद्धी शाबूत आहे. फी मात्र त्यांनी पूर्ण घेतली.

मी कॅमेऱ्याची वायर काढली आणि तो कपाटात ठेवला. आईकडून तिसरा शब्द घेतला, चाळणी. तो मी घरच्या वायफायशिवाय कुठेही टाइप केला नाही. दुकानात जाऊन लॅपटॉपचं पोट उघडलं आणि वायफायचं कार्ड चिमट्याने उपटून काढलं. नखाएवढी हिरवी पट्टी असते, दोन बारीक तारा लावलेली. ती नसली की मशीन बहिरं होतं. कार्ड वेगळ्या डबीत, बॅटरी वेगळ्या खणात, लॅपटॉप कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं वर करून मी आत शिरले आणि आधी तोच बाहेर काढला. बॅटरी बसवली. कार्ड नव्हतं, तरी जुनी साठवण दिसते. टिचकी मारली.

चाळणी चाळणी.

मी तो फोडून टाकायला हवा होता. नाही टाकला. साप घरात असेलच तर तो डोळ्यांसमोर राहिलेला बरा, असं मला वाटलं.

५

पोलिसांत जायचं तर सांगायचं काय? माझ्या आईची कुणीतरी प्रेमाने चौकशी करतंय, अशी तक्रार? त्यापेक्षा भंगारवाल्याला गाठावं म्हटलं. तो चौकापलीकडे गाडीवर वायरी सोलत बसला होता.

"तो काळा लॅपटॉप कुठून उचललास?"

"तुमच्या गल्लीतूनच. का, ताई, बंद पडला?"

"कुठल्या घरातून?"

त्याने सुरी थांबवली. "ते नाही सांगता येणार. जिन्यात उभा होतो, दार जरासं उघडलं, हात बाहेर आला. घेऊन जा, म्हणाल्या."

"बाई होती? दिसली कशी?"

"दिसल्या नाहीत. आवाज तुमच्यासारखाच. मला आधी वाटलं तुम्हीच. मग म्हटलं, ताई तर या वेळी दुकानात असतात, बहीण असेल."

"मला बहीण नाही."

"मग नसेल," तो म्हणाला आणि पुन्हा वायर सोलायला लागला.

त्यानंतर मी दुपारी घरीच थांबायला लागले. दुकानावर पाटी लावली, संध्याकाळी या. मी घरी असताना काहीच झालं नाही. आई खुर्चीत, मी जमिनीवर मशीन उघडून, मध्ये पंख्याचा आवाज. मी बोलायचा प्रयत्न केला. लहानपणचं विचारावं म्हटलं, पण काय विचारायचं तेच सुचेना. आईही एकेका शब्दात उत्तरं द्यायची. डेंटिस्टच्या दारात बसल्यासारख्या आम्ही समोरासमोर बसायचो.

मग मी आईला दुकानात घेऊन गेले. तासाभरात ती चुळबुळायला लागली.

"घरी चल. घर रिकामं नको. ती वाट बघत बसेल."

"ती कोण?"

आई माझ्या बाजूला वळली. तिची नजर माझ्या कानापलीकडे कुठेतरी लागली होती. "तू गं," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

रिक्षात मी तिला स्पष्टच विचारलं. डबी काढून ठेवली आहे, आता तर कुणी बोलत नाही ना?

"डबी काढलीस ते बरंच केलंस," आई म्हणाली. "त्यातून घोगरा यायचा तुझा आवाज. आता आतल्या खोलीतून बोलतेस तर किती स्वच्छ येतो."

घरी गेल्यावर मी आतली खोली उलटीपालटी केली. पलंग सरकवला, कपाट रिकामं केलं, भिंतींवर मूठ आपटून पाहिली. पलंगाखाली माझीच एक चप्पल आणि धूळ सापडली. कुठे स्पीकर नाही, तार नाही, भोक नाही. आई दारात उभी राहून माझी आदळआपट ऐकत होती. "नीट लावून ठेव हं सगळं," ती म्हणाली. "नाहीतर मला ऐकून घ्यावं लागेल."

कुणाकडून, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने "तुझ्याकडून" म्हटलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

६

एका सकाळी रक्ततपासणीच्या लॅबमधून फोन आला. त्यांचं मशीन अडकलं होतं, रिपोर्ट छापले जात नव्हते, बाहेर माणसं खोळंबली होती. मी नाही म्हणून पाहिलं. पण लॅबवाल्या बाई रडकुंडीला आल्या होत्या, आणि आईने मागून ओरडून सांगितलं, "जा गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी निघाले. मागे कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि मगच जिना उतरले.

हत्यारं घ्यायला दुकानात गेले. कपाट उघडलं तसा तो लॅपटॉपही काढला. रोज बघायची सवयच झाली होती, दुखरा दात जिभेने चाचपावा तशी. टिचकी मारली.

चाळणी नव्हती. तिथे gubigubi अशी अक्षरं होती.

मी पुन्हा वाचलं. गुबी गुबी. काहीतरीच, अर्थ नसलेलं. म्हणजे त्या मशीनला या वेळी चुकीचा शब्द माहीत होता. चाळणी आम्ही बदललीच नव्हती. पलीकडे जे कुणी होतं त्याची माहिती संपली होती आणि आता ते नुसताच खडा टाकून बघत होतं. कित्येक दिवसांनी मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून म्हणाला, "लॉटरी लागली का?" मी म्हटलं, तसंच समज.

लॅबमधलं काम सोपं निघालं, प्रिंटरची वायर उंदराने खाल्ली होती. बाईंनी चहा दिला तो मी आरामात प्यायला. खूप दिवसांनी चहाला चव लागली. येताना आईसाठी केळी घेतली.

आमच्या जिन्याच्या वळणावर माझा फोन नेहमी घरचं वायफाय पकडतो. बारीक ठुण्ण असा आवाज येतो, ऐकायचीही गरज नसते. त्या दिवशी तो आला नाही. मी थांबून फोन पाहिला. पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा टाका, असं लिहून आलं होतं.

चाळणी चाळणी टाकलं. चुकीचा.

मी जिन्याच्या कठड्याला टेकले. समोरच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली. माझ्या अंगठ्याने गुबी गुबी टाइप केलं. मी नाही केलं, अंगठ्यानेच केलं म्हणेन.

ठुण्ण.

७

मी दार वाजवलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग आईची पावलं ऐकू आली, चवड्यांवर चालल्यासारखी.

"शब्द?"

"चाळणी चाळणी."

"तो जुना झाला," आई म्हणाली.

"आई, मी आहे. ठमी."

"हळू बोला जरा. ठमी घरात आहे. आत्ताच जेवून पडलीये."

आई मला "बोला" म्हणाली, हे मला आधी कळलं, बाकीचं नंतर. हातातली केळ्यांची पिशवी मी खाली ठेवली. दार फोडावं, ओरडावं, दाढीवाल्यांना हाक मारावी, हे सगळं मनात येऊन गेलं. पण आत आई होती, आणि आत जे होतं तेही तिच्याजवळच होतं. आरडाओरडा करून मला तिथे पोचता येणार नव्हतं. पोचायचा एक मार्ग मला माहीत होता.

"गुबी गुबी," मी म्हटलं.

कडीवर हात आल्याचा आवाज झाला, पण कडी सरकली नाही.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "कशाचं नाव ते?"

मी स्वयंपाकघरातली एकेक वस्तू आठवून पाहिली. आईचे शब्द तिथलेच असायचे. गुबी नावाचं काही तिथे नव्हतं. मग माझं सगळं लहानपण आठवायचा प्रयत्न केला, दारात उभ्या उभ्या, आणि ते मला फार थोडं आठवलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "आई, तू दार उघड, मग सांग मला."

"बाहुली होती तिची. मीच शिवली होती, पायमोज्याची, एका डोळ्याला बटण. ती हरवली तेव्हा ठमी दोन दिवस जेवली नव्हती." आईचा आवाज मऊ झाला. "मी कध्धी बोलले नव्हते तिच्याजवळ. आज सकाळी तिला आपलं आपण आठवलं. म्हणाली, आई, आजपासून हाच शब्द ठेवू."

मला ती बाहुली आजही आठवत नाही.

"पण शब्द बरोबर आहे तुमचा," आई म्हणाली. "शब्द बरोबर असला की उघडायचं, असं ठरलंय आमचं."

कडी सरकली. दार उघडलं. आई एका बाजूला झाली, परक्या माणसाला वाट देतात तशी, पदर सारखा करून. मी आत गेले. ओट्यावर दोन ताटं धुऊन उपडी घातली होती आणि त्यांचं पाणी अजून निथळत होतं. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. त्या फटीतून पलंगाचा एक भाग दिसत होता. पाठ करून कुणीतरी झोपलं होतं. अंगावर माझी निळी चादर. उशीवर सोडलेले केस, माझ्यासारखेच, अर्धे पांढरे. खांदा सावकाश वर जात होता, खाली येत होता.

मी आत जायला हवं होतं. चादर ओढायला हवी होती. पण मी हलले असते तर ती वळली असती, आणि तिने माझ्याकडे कसं पाहिलं असतं ते मला बघायचं नव्हतं. मी आईकडे वळले. "आई," मी अगदी हळू म्हटलं, "मला ओळख ना. प्लीज. नीट ऐक."

आईने मान कलती केली. फोनवरचं दूरचं बोलणं ऐकताना ती पूर्वी करायची तशी. ती खरंच ऐकत होती, पुष्कळ वेळ, अगदी मन लावून.

"आवाज अगदी आमच्या ठमीसारखा आहे हो तुमचा," ती कौतुकाने म्हणाली. मग हाताने खुर्ची चाचपून माझ्याकडे सरकवली. "बसा. ती उठेलच एवढ्यात."

मी खुर्चीच्या कडेला बसले. आत पलंग करकरला. आईचं तोंड तिकडे वळलं, आणि ती हसली.